नजर रस्त्यावर ठेवायची की काट्यावर?

रस्तेकर (धागाकर्ता)

गेल्या शनिवारी पुण्याहून पनवेलला निघालो होतो, मेव्हण्याकडे वास्तुशांत. घाई अजिबात नव्हती. हे आधीच सांगतो, म्हणजे पहिल्याच प्रतिसादात कोणी "वेळेवर निघत जा" म्हणणार नाही.

द्रुतगती मार्गावर कारला सपाटीवर १०० आणि घाटात ६० ची मर्यादा आहे हे बहुतेकांना ठाऊक असेल. २०२४ पासून कॅमेरे लागलेत तेव्हापासून तर फारच ठाऊक झालंय. मला गेल्या महिन्यात घाटातलं एक चलान आलं. ६० च्या जागी ६८, दंड २,००० रुपये. बायकोने ते वाचून दाखवलं, तेही चारचौघांत. त्यामुळे या वेळी ठरवून टाकलं की ६० म्हणजे ६०.

आता उतारावर गाडी आपणहून पळते. काटा ५८. मग ६१, ब्रेक. ५७. परत ६०, ६२, ब्रेक. असा खेळ करत खाली येत होतो आणि शेजारून बायको किंचाळली, "अहो, ट्रक!" माझ्याच लेनमध्ये ट्रक बंद पडून उभा. मागे त्रिकोण नाही, दिवे नाहीत. दोन दगड आणि तोडून आणलेली एक फांदी. उजवीकडची लेन नशिबाने मोकळी होती म्हणून कापली. फांदीवरून चाक गेल्याचा आवाज आला. पनवेलला उतरून बघतो तर बंपरच्या जाळीत करंजाची पानं अडकलेली.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. मी नियम पाळत होतो, वेग बरोबर होता, आणि नेमकं त्यामुळेच मला ट्रक दिसला नाही. काटा सोडून रस्ता बघत ६८ ने आलो असतो तर कदाचित शंभर मीटर आधी दिसला असता. वेगमर्यादा सांभाळण्याच्या नादात आपण रस्ता बघायचं विसरतोय का? अनुभव लिहा. उपदेशही चालेल, पण आधी अनुभव.

खड्डेश्वर

शंभर टक्के सहमत. कॅमेऱ्याची लोखंडी कमान दिसली की काय होतं ते बघा. ११५ ने चाललेला माणूस कमानीच्या आधी कचकन ब्रेक मारतो, खालून ९५ ने भक्तिभावाने जातो, आणि पुढे गेला की परत ११५. मागचा माणूस कमानीकडे बघत असतो आणि त्यामागचा आपल्या काट्याकडे. पुढच्याच्या ब्रेकलाइटकडे कोण बघतंय? परवा कामशेतजवळ तिघे एकमेकांच्या इतके जवळ आले होते की मधून उदबत्ती गेली नसती.

आजोबांची_फियाट

आमच्या पद्मिनीचा काटा १९८९ साली चाळीसवर अडकला तो गाडी भंगारात जाईपर्यंत तिथेच होता. वेग आम्ही दारांच्या खडखडाटावरून ओळखायचो. डावं मागचं दार बोलायला लागलं की पन्नास, डॅशबोर्ड बोलायला लागला की साठ. सत्तर कधी झाले नाहीत.

डिंकाचा_लाडू

रस्तेकर, तुम्ही आणि वहिनी सुखरूप आहात हे महत्त्वाचं. पण "६८ ने आलो असतो तर बरं झालं असतं" हे वाक्य मला पचत नाही, म्हणून पाठीमागच्या पानावर आकडेमोड केली. ब्रेक बऱ्यापैकी चांगले, रस्ता कोरडा आणि सपाट, प्रतिक्रियेला दीड सेकंद असं धरलंय. उतारावर सगळंच आणखी वाईट होईल.

६० ने जाताना गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर कापते. धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत: दीड सेकंदात २५ मीटर, मग ब्रेकचे २० मीटर. एकूण ४५. ७० ने (हिशेबाला सोपं म्हणून ७०) तेच ५६ मीटर होतात. म्हणजे ६० वाला जिथे थांबला असता, त्या जागी ७० वाला अजून ताशी ४५ च्या आसपास वेगात असतो. ११ मीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्या ११ मीटरांत ट्रकचा मागचा भाग आहे.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली. ६० वाला नेमक्या त्या क्षणी एक सेकंद काट्याकडे बघत असेल तर त्याचे १७ मीटर फुकट जातात. तो त्याच जागी ५५ ने पोचतो. म्हणजे त्या एका प्रसंगात काटा बघणारा ७० वाल्यापेक्षा वाईट ठरतो! हे उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं, दोनदा तपासलं.

पण हिशेब इथे संपत नाही. काट्याकडे बघणं एखादा सेकंद असतं. ट्रक नेमका त्याच सेकंदात समोर यावा लागतो. वेग मात्र घाटाच्या पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत तुमच्या सोबत असतो. एक धोका अधूनमधून डोकावतो, दुसरा कायमचा पाहुणा आहे.

रस्तेकर

@लाडू, वा! पण मी अधूनमधून नाही, सतत बघत होतो हो. तिथेच तर गोम आहे.

पर्थकर

इथल्याच युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने नेमका हाच प्रयोग केला होता, साधारण २०१७ च्या आसपास तो बराच गाजला. ८४ जणांना सिम्युलेटरवर ५० च्या रस्त्यावर गाडी चालवायला लावली. काहींना सांगितलं की मर्यादेच्या वर १ किलोमीटर गेलात तरी दंड. काहींना ६ ची सूट, काहींना ११ ची. चालवता चालवता पडद्याच्या कडेला लाल ठिपके उमटायचे, ते दिसले की कळवायचं. ज्यांना जेमतेम १ किलोमीटरची सूट होती त्यांना कडेचे ठिपके कमी दिसले, आणि डोक्यावर ताण जास्त वाटला.

त्यावरून इथे पेपरांत "कॅमेरे धोकादायक" असे मथळे आले. अभ्यासात तसं म्हटलेलं नाही. अपघात त्यांनी मोजलेच नव्हते, ठिपके मोजले. आणि कडक गटाने गाडी हळू चालवली होती, हे सोयीने कोणी सांगत नाही.

स्वतःचा अनुभव: शाळेजवळ सकाळी साडेसात ते नऊ आणि दुपारी अडीच ते चार ४० ची मर्यादा असते. पहिल्या वर्षी मी तिथून जाताना पोरं सोडून काटाच बघायचो. आता नाही बघत. पाय आपोआप शिकला.

एकशेसाठ

म्हणजे विज्ञानानेच सिद्ध झालं की कॅमेरे काढा. धन्यवाद.

डिंकाचा_लाडू

@एकशेसाठ, तुमचं नाव बघता हे मत निष्पक्ष आहे यात शंकाच नाही. हलके घ्या.

बाय द वे, ऑस्ट्रेलियाचाच दाखला घ्यायचा तर ॲडलेडचा १९९७ चा अभ्यासही घ्या. ६० च्या रस्त्यावर वेग दर ५ किलोमीटरने वाढला की जखमी करणाऱ्या अपघाताचा धोका साधारण दुप्पट होत गेला. तुमच्या एकशेसाठचा गुणाकार तुम्हीच करा.

नेत्रा

डोळ्यांची डॉक्टर आहे म्हणून एक मुद्दा घालते, इथे कोणी काढला नाही.

लांबचं बघणारा डोळा हातभर अंतरावरच्या काट्यावर आणायचा म्हणजे आतल्या भिंगाला आकार बदलावा लागतो. पंचविशीत ते चटकन होतं. पंचेचाळिशीनंतर भिंग कडक होत जातं, म्हणूनच चाळिशी लागते. तेव्हा काटा स्पष्ट व्हायला वेळ, परत रस्ता स्पष्ट व्हायला वेळ. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर जवळचं नीट दिसायला नजर खालच्या पट्ट्यात न्यावी लागते, मग लोक हनुवटी वर करून बघतात. माझ्याकडे एक टॅक्सीवाले काका येतात, ते सांगतात की रात्री काटा दिसतो, आकडे नाहीत. काटा कुठल्या कोनात आहे त्यावरून अंदाज. गंमत म्हणजे जुना गोल काटा याला बराच सोसतो. नुसता आकडा दाखवणारा डिजिटल मीटर मात्र वाचावाच लागतो.

रस्तेकर, वय विचारत नाही. पण चष्मा शेवटचा कधी तपासला?

रस्तेकर

४९. आणि चष्मा... कोविडच्या आधी. मीटरही डिजिटल. :(

खड्डेश्वर

चला, धाग्याचा निकाल लागला. कॅमेरा निर्दोष, ट्रक निर्दोष, चष्मा दोषी.

माल_रवाना

माझ्या वडिलांच्या तीन गाड्या आहेत, आता मी बघतो. दोन वर्षं क्लीनर म्हणून बसलोय, पाच वर्षं चालवलीय. कारवाल्यांच्या गप्पा वाचून हसू आलं म्हणून लिहितो.

घाटात आमची मर्यादा तुमच्याहून कमी. भरलेली दहाचाकी खाली उतरवताना आम्ही काटा बघतच नाही, काटा बघून गाडी उतरवता येत नाही. वरूनच गिअर पाडून घ्यायचा. ज्या गिअरमध्ये चढवशील त्या गिअरमध्ये उतरव, हे पहिल्या दिवशी शिकवतात. इंजिन गाडी धरतं, ब्रेक फक्त अधूनमधून. जो डिझेल वाचवायला न्यूट्रल करतो तो सारखा ब्रेकवर पाय ठेवून येतो, लायनर तापतात आणि मग ब्रेक लागतच नाहीत. बोरघाटात पेपरात "ब्रेक फेल" म्हणून जे येतं त्यातल्या पुष्कळ गाड्यांचे ब्रेक घाटाच्या माथ्यावर ठणठणीत होते.

तुमचंही तेच. टॉप गिअरला टाकून, वर ब्रेक, काटा, ब्रेक, काटा. रस्ता बघायला उरलं काय? तिसऱ्यात टाका, गाडी आपसूक साठाच्या आत राहील. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअलवर किंवा एल वर घ्या.

बंद गाडीमागे फांदी ठेवणं चूक आहे, मान्य. त्रिकोण असतो, पण तो चोरीला जातो. फांदी कोणी नेत नाही.

शमा_कोल्हापूर

माल_रवानाचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा.

माझी तक्रार जरा वेगळी आहे. मर्यादा पाळणं अवघड नाही, ती शोधणं अवघड आहे. कोल्हापूर-पुणे रस्त्यावर पुलांची कामं, वळणं, सेवा रस्ते. ८० ची पाटी, पुढे कामाजवळ ४० ची, मग काम संपलं तरी ४० उठल्याची पाटी नाही. मी दहा मिनिटं पाट्याच शोधत असते. काटा बघायला अर्धा सेकंद पुरतो, पाटीसाठी मात्र कडेची झाडी चाचपत जावं लागतं. एका ठिकाणी तर पाटीवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. दादा हसतायत, मागे मर्यादा लपलीय.

आणि ती गाडीतली बीप! जुलै २०१९ नंतरच्या गाड्यांत ८० च्या वर थोड्या थोड्या वेळाने वाजते आणि १२० ला अखंड. १०० ची परवानगी असलेल्या रस्त्यावर कान किटतात, आणि घाटात ६० ला ७५ ने गेलात तर अगदी गप्प. जिथे बोलायला हवं तिथे मौन. सासूबाई तर विचारतात, "तुझ्या गाडीला सारखी उचकी का लागते गं?"

आजोबांची_फियाट

दार परवडलं.

विदर्भाचा_वारा

काटा बघितल्याने अपघात होत असतील तर समृद्धीवर व्हायलाच नकोत. ७०१ किलोमीटर, कारला १२०, मर्यादा फारशी बदलत नाही, क्रूझ कंट्रोल लावा आणि पाय काढा. काट्याकडे बघण्याचं कामच नाही. तरी काय काय झालंय ते आपण वाचतोच. जुलै २०२३ मध्ये सिंदखेड राजाजवळ बस पेटून २५ माणसं गेली. सरळसोट सिमेंटचा रस्ता, ना वळण, ना चहाची टपरी. माणूस उघड्या डोळ्यांनी झोपतो. मी नागपूरहून संभाजीनगरला येताना मुद्दाम दर पाच मिनिटांनी काटा, टेंपरेचर, आरसे असं बघत राहतो. नजर हलती राहिली की जाग राहते.

तेव्हा काट्याला सरसकट शिव्या नकोत.

एकशेसाठ

गंभीरपणे लिहितो आता. वेग हेच कारण, हे इतक्या खात्रीने कोण ठरवतं? सरकारी अहवालात २०२२ साली देशात १,६८,४९१ मृत्यू आणि त्यातले ७० टक्क्यांहून जास्त "अतिवेगा"च्या रकान्यात. पंचनाम्यात कारणाचा रकाना भरायचा असतो, आणि अतिवेग लिहिणं सगळ्यात सोपं. खड्डा लिहिला तर प्रश्न विचारले जातात. बंद ट्रक, चुकीच्या दिशेने येणारा ट्रॅक्टर, उजव्या लेनमध्ये ठाण मांडलेला कंटेनर, हे सगळं त्याच रकान्यात वितळतं.

डिंकाचा_लाडू

हा मुद्दा मात्र रास्त आहे, एकशेसाठ. रकाना ढोबळ आहे. पण रकाना चुकीचा भरला म्हणून भौतिकशास्त्र बदलत नाही. कारण खड्डा असो की ट्रॅक्टर, आदळताना आकडा किती होता यावरच माणूस घरी जातो की नाही ते ठरतं.

माल_रवाना

कंटेनर उजव्या लेनमध्ये का असतो तेही विचारा कधी. वेगळा धागा काढतो.

मापात_पाप

मीटरबद्दल एक गोष्ट राहिली. कारचा मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवूच शकत नाही, आंतरराष्ट्रीय नियम तसा आहे. जास्त दाखवायला मात्र मुभा आहे. त्यामुळे कंपन्या सुरक्षित बाजूला राहून तीन-चार किलोमीटर चढवूनच दाखवतात. जीपीएसशी ताडून बघा. माझ्या गाडीत काटा १०० म्हणतो तेव्हा फोन ९६.

रस्तेकर, याचे दोन अर्थ निघतात. एक, परवा ६१-६२ ला तुम्ही जे ब्रेक मारत होतात ते बहुतेक फुकट होते, खरा वेग ५८ च्या आसपास असणार. दोन, चलानावर ६८ होतं म्हणजे तुमच्या काट्यावर तेव्हा ७१-७२ होतं. ते चुकून झालेलं नव्हतं.

रस्तेकर

दुसरा अर्थ काढायची काही गरज नव्हती.

पर्थकर

अजून एक. सपाटीवर अर्धा तास १०० ने आलं की ६० हा वेग रांगल्यासारखा वाटतो. डोळा वेगाला सरावतो, मग शरीराचा अंदाज खोटं बोलतो. म्हणून "मला काटा लागत नाही, मला कळतं" म्हणणारे घाटाच्या तोंडाशीच फसतात. तिथे काटा बघायलाच हवा, आणि नेमकी तिथेच वळणं, ट्रक, धुकं, दरडी. रस्तेकरांचा मूळ प्रश्न खोटा नाही. जिथे डोळ्यांची सगळ्यात जास्त गरज, तिथेच मर्यादा एकदम ४० ने उतरते. टप्प्याटप्प्याने उतरवली आणि कमानीखालच्या क्षणाऐवजी दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजला, तर एखाददुसऱ्या किलोमीटरसाठी कोणी काट्याला चिकटणार नाही.

खड्डेश्वर

सरासरीवर पूर्वी बोललं गेलंच होतं की. मर्यादा ८० होती तेव्हा उर्से ते खालापूर टोलनाका ३७ मिनिटांच्या आत गाठलं तर दंड अशी बातमी होती. लगेच आपल्या लोकांनी उपाय काढला: भन्नाट यायचं, फूडमॉलला वडा खायचा, मिनिटं भरली की नाक्यावर हजर. वड्यामुळे सरासरी सुधारते हे जगात कुठे नसेल.

शमा_कोल्हापूर

तिथला वडा आता तेवढ्या किमतीचा राहिला नाही. दंड परवडला.

नेत्रा

विषयांतर होतंय, पण सहमत.

रस्तेकर

मंडळी, काल परत पनवेलला जाणं झालं (मेव्हण्याकडे सत्यनारायण राहिला होता). प्रयोग करून आलोय.

नवीन चष्मा गुरुवारी आला. मीटर जीपीएसशी ताडला, माझा ४ ने जास्त दाखवतो. घाटाच्या तोंडाशी, पाटीच्या बरंच आधी, वेग उतरवून तिसरा गिअर टाकला. माल_रवाना, तुम्हाला एक चहा लागू. गाडी ५५ ते ५९ मध्ये अशी बसली की जणू कोणी मागून दोरी धरलीय. ब्रेकला पाय वळणांवर लागला तेवढाच. पहिल्यांदा लक्षात आलं की त्या उतारावर डाव्या हाताला दरीत केवढं हिरवं आहे. एक बंद टेंपो होता, तो मला बायकोच्या आधी दिसला. त्याच्याही मागे फांदी.

एक जण मागून सारखा दिवे मारत होता. शेवटी डावीकडून घुसून पुढे गेला आणि कमानीखाली ब्रेक मारला. खड्डेश्वर, तुम्ही नव्हतात ना?

बायकोला कामाला लावलं होतं. जाताना घाटात मी काट्याकडे किती वेळा बघतो ते तिने टोलच्या जुन्या पावतीमागे रेघा ओढून मोजलं. मागच्या खेपेला तिच्या मते "सारखंच" होतं, त्याची मोजदाद नाही. काल ९ रेघा. मी खूश होऊन म्हटलं, बघ, अख्ख्या घाटात नऊच वेळा.

तर म्हणाली, "नऊ काट्याच्या. मोबाइलकडे दोनदा बघितलंत, ते मी यात धरलेलं नाही."